मेल्या घोडीवरचा झरा

फोन वाजला तेव्हा अर्विला हेकॉकचे दोन्ही हात मनगटापर्यंत कणकेत होते, आणि तिने तो वाजू दिला. मंगळवारी सकाळी अकराला कोण असणार? वॉर्डातली, म्हणजे चर्चच्या मंडळीतली, कोणीतरी बाई, "सिस्टर हेकॉक, काही हवंनको?" असं विचारायला. नवरा, थेन, गेल्यापासून पाच महिने त्या पाळीपाळीने विचारत होत्या, आणि तिला जे हवं होतं ते काही त्यांच्या चीज घातलेल्या बटाट्यांच्या भांड्यातून यायचं नव्हतं. पण फोन थांबेना. शेवटी तिने फडक्याला हात पुसले, दोन बोटांत धरून रिसीव्हर उचलला, आणि एक तरुण आवाज म्हणाला, "थेन हेकॉक आहेत का?"

"नाहीत."

"मग निरोप द्याल का त्यांना? मी शॉना ओल्ड्रॉइड, रिचफील्डला शाळेत शिकवते. त्यांना सांगा, आम्ही त्यांचे दोन कॅन प्यालो. तीनपैकी दोन. कॅनला चिठ्ठी बांधलेली होती ना, पाणी वापरलंत तर या नंबरवर कळवा म्हणजे भरून ठेवता येईल, म्हणून. आता तिथे एकच उरलाय."

"कसले कॅन?" अर्विला म्हणाली. "कुठे?"

"मेल्या घोडीच्या पठाराखालच्या घळीत हो. नकाशाच्या शीटवर झरा दाखवलाय बघा, डाव्या कड्याच्या पायथ्याशी. तिथे झराबिरा काही नाही. नुसता कोरडा खडक." आणि मग मुलीचा आवाज शाळेतल्या बाईचा राहिला नाही. "माझे बाबा होते बरोबर. बासष्ट वर्षांचे आहेत. शेवटच्या दोन मैलांत त्यांना घाम यायचाच बंद झाला. मी आपली म्हणतेय, आलंच पाणी, बाबा, नकाशात आहे, आलंच. आणि पोचलो तर हे. मला रडूसुद्धा येईना. मग खडकाच्या कपारीत ते कॅन दिसले. आत्ता इथे बसून लापशी खातायत आणि मला सांगतायत, त्या माणसाला माझा सलाम सांग."

"सांगते," अर्विला म्हणाली. आणि मग, का कोण जाणे, तिने विचारलं, "पाच हजार दोनशे फूट उंचीच्या रेषेच्या जरा खाली?"

"तुम्हाला कसं माहीत?"

तिने मुलीचा नंबर लिहून घेतला, ते मात्र तिला पुढे आठवेना. कणीक सुकून बोटांवर चामडीसारखी घट्ट झाली होती, ती नखाने काढत ती खुर्चीवर बसून राहिली. समोरच्या खिडकीतून सॉल्ट लेक शहराचा सरळ, काटकोनात आखलेला रस्ता दिसत होता, बर्फ नुकतंच वितळलेलं, शेजारच्या मिसेस टॉल्मनने एप्रिलच्या उन्हात वाळत घातलेल्या चादरी. या रस्त्यावर तीस वर्षांत पाण्यावाचून कोणी थांबलं नव्हतं. तिला त्या मुलीचं वाक्य ऐकू येत होतं, नकाशात आहे, आलंच. नकाशात होतं, कारण ते तिने काढलं होतं. निळ्या शाईचं एक बारीक वर्तुळ, त्याला शेपटीसारखी एक नागमोडी रेघ. तिच्या हातची वर्तुळं नकाशाच्या कचेरीत प्रसिद्ध होती. स्प्रॅगसाहेब नव्या मुलींना तिच्या टेबलाशी आणून दाखवत, हे पाहा, याला म्हणतात हात. पंचवीस वर्षं नोकरी केली तिने, आणि निवृत्त झाली तेव्हा साहेबांनी भाषणात सांगितलं, मिसेस हेकॉकच्या नावावर एकही चूक नाही. थेन तेव्हा पहिल्या रांगेत बसला होता आणि सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता.

तळघरात कॅन होते, हे तिला माहीत होतं. ते कोणाच्या तळघरात नसतात? वॉर्डातल्या प्रत्येक घरी वर्षाचा साठा असतो, गहू, मध, बाटल्यांतले पीच, आणि पाणी. वाईट दिवस आले तर घराला पुरावं, शेजाऱ्याला देता यावं. साठ्यातलं पाणी शिळं होतं, ते बदलत राहावं लागतं, आणि ते काम थेनचं होतं. एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये तो कॅन वर आणायचा, धुवायचा, भरायचा, आणि मग त्याच आठवड्यात भावाकडे, एस्कलांटीला, चार दिवस जाऊन यायचा. लॅमारकडे गुरांची मोजदाद आहे, लॅमारचं कुंपण पडलंय, लॅमारची कंबर धरलीय. लॅमारची कंबर फार वक्तशीर आहे, असं ती म्हणायची. वर्षातून दोनदा धरते. थेन हसायचा. गाडीच्या डिकीत काय जातं ते तिने कधी पाहिलं नाही, कारण तिला त्या वळणांच्या रस्त्यावर उलट्या व्हायच्या आणि ती कधी बरोबर गेली नाही. लग्नानंतर पहिल्या वर्षी त्याने विचारलं होतं, "चल की, विला. तू काढलेलं सगळं तुला दाखवतो." तिने उत्तर दिलं होतं, "मी पाहिलंय सगळं. शीटवर." पुन्हा त्याने विचारलं नाही. आता तिला आठवलं, एकदा, बऱ्याच वर्षांपूर्वी, तिनेच फोन घेतला होता आणि एक पुरुष म्हणाला होता, पाणी प्यालो म्हणून सांगा. थेन म्हणाला, लॅमारच्या रँचवरचा गडी असेल, येडा आहे जरा. आणि पुढे कितीतरी दिवस फोन वाजला की तो तिच्याआधी उठायचा. तिला तेव्हा वाटलं होतं, म्हातारपणी माणूस उत्साही होतोय.

त्यांची ओळख मेल्या घोडीवर झाली असं ते लोकांना सांगत, आणि लोक दचकले की दोघं खूश होत. १९५३ सालचा उन्हाळा. त्या सगळ्या घळींच्या मुलखाची आधी विमानातून छायाचित्रं काढली होती, हातभर लांबीरुंदीची, काळीपांढरी, आणि थेन ती फळीला बांधून, खेचरावर लादून, एकेका घळीतून हिंडत होता. जिथे झरा दिसेल, पायवाट दिसेल, मेंढपाळाची झोपडी दिसेल, तिथे फोटोत नेमक्या त्या जागी टाचणी टोचायची आणि फोटो उलटा करून पाठीवर, भोकाशेजारी, काय आहे ते लिहायचं. तीनतीन आठवड्यांनी फोटोंचा गठ्ठा कचेरीत यायचा आणि अर्विलाच्या टेबलावर पडायचा. ती तेव्हा तीस वर्षांची, बिनलग्नाची, घरच्यांनी आशा सोडलेली. ती फोटो उजेडासमोर धरायची, भोकातून प्रकाशाचा एक कण यायचा, मग उलटा करून वाचायची. झरा. चांगला. झरा, उन्हाळ्यात आटतो. पायरी, घोडं चढत नाही. पिनी आत्याची पायरी म्हणतात, आत्या कोण ते कोणालाच ठाऊक नाही. मेल्या घोडीचं पठार, १९११ साली डॅल्टन कुटुंबाची घोडी इथे तहानेने मेली, पाण्यापासून अर्ध्या मैलावर. तिने नाव शीटला दिलं, कारण शीटला आतल्या ठळक जागेचं नाव द्यायची पद्धत. आणि मग जुलैत एका फोटोच्या पाठीवर आलं: झरा. पाणी गोड. खेचरालाही आवडलं. इथे बसून जेवलो. सावली बरी आहे. तुम्हाला जागा आवडली असती. तिने नियमाप्रमाणे शंकेची चिठ्ठी पाठवली: पाणी मिनिटाला किती? जागा आवडण्याचं चिन्ह आमच्याकडे नाही. पुढच्या गठ्ठ्यात उत्तर आलं: मिनिटाला एक बादली. चिन्ह तुम्ही तयार करा.

त्या उन्हाळ्यात ती फोटोंच्या पाठी वाचत जगली, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. टाचणी कशी टोचली आहे यावरून तिला माणूस कळायला लागला. वारा असेल तेव्हा भोक जरा लांबट. दमलेला असेल तेव्हा खोल. आनंदात असेल तेव्हा अगदी बारीक, नुसता स्पर्श केल्यासारखं. ज्या माणसाला तिने पाहिलंही नव्हतं त्याचा मूड तिला काळ्यापांढऱ्या कागदातल्या भोकावरून कळत होता, आणि हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. शेजारच्या टेबलावर डीलॉय टर्ली अक्षरांच्या पट्ट्या नकाशावर चिकटवायचा, तेवीसचोवीस वर्षांचा, डोळ्यांत तेल घालून सगळं बघणारा. "विला," तो म्हणायचा, "तो फोटो उजेडाला धरून धरून पिवळा पडेल." "तू तुझी अक्षरं सांभाळ," ती म्हणायची. "काल 'कॅनियन'मधलं एक अक्षर उलटं लावलं होतंस."

आणि मग सप्टेंबरातला तो फोटो. खुर्चीवर बसल्याबसल्या तो तिला जसाच्या तसा दिसत होता. मेल्या घोडीखालची घळ, डावा कडा, कड्याच्या पायथ्याशी एक काळा डाग, ओल असावी तसा, आणि त्या डागात एक भोक. बारीक, नुसता स्पर्श केल्यासारखं. तिने फोटो उलटा केला. पाठीवर काही नव्हतं. नियम सरळ होता, भोक आहे आणि मजकूर नाही तर काढायचं नाही, शंकेची चिठ्ठी पाठवायची. तीच पुढे दहापंधरा मुलींना शिकवत आली होती, पाठीवर लिहिलेलं नसेल ते कागदावर येता कामा नये, मग ते तुम्हाला ढळढळीत दिसत का असेना. त्या दिवशी स्प्रॅगसाहेब छपाईची घाई करत होते, हे खरं. थेनचा तीन आठवडे पत्ता नसणार होता, हेही खरं. पण ती काही कारणं नव्हती. ते भोक तिला वाचता आलं होतं, एवढंच. थेनच्या टाचणीला लिहायची गरज काय, असं तिला वाटलं होतं. तिने लेखणी निळ्या शाईत बुडवली आणि तिच्या आयुष्यातलं सगळ्यांत सुंदर वर्तुळ काढलं.

लग्नानंतर एकदा, शीट छापून दोन वर्षं झाली असतील, जेवताना तिने विचारलं होतं. मनात कुठेतरी कुसळ राहिलंच होतं. "मेल्या घोडीखालचा तो एक झरा, ज्याबद्दल तू काही लिहिलं नव्हतंस, त्याला पाणी आहे ना रे?" थेनच्या तोंडात घास होता. तो त्याने सावकाश गिळला. "आहे की. गार पाणी आहे. गेल्या महिन्यात मीच प्यालो." तिचं कुसळ निघालं आणि तिने त्याला अजून रस्सा वाढला.

फोन आला त्या रात्री तिला झोप लागली नाही असं नाही, लागली, पण सकाळी उठली तेव्हा तिचे हात मुठी वळलेले होते. तिने चांगला कोट घातला आणि बस पकडून कचेरीत गेली. सहा वर्षांत ती तिथे फिरकली नव्हती. मोठ्या खोलीत आता टेबलं कमी होती, यंत्रं जास्त, आणि शाईचा वास गेला होता, त्याने ती एकदम परकी झाली. डीलॉय मात्र होता. खालच्या मजल्यावर जुन्या शीटांची खोली त्याच्याकडे होती, केस पांढरे, नाकावर चष्मा, आणि तिला पाहिल्यावर तो उभा राहिला ते त्याला पुढचं सगळं माहीत असल्यासारखा.

"ये, विला. बस. थेनच्या वेळी आलो होतो, बोलता नाही आलं तेव्हा."

"मेली घोडी काढ," ती म्हणाली.

"शीट?"

"शीट नको. दुरुस्तीचं कार्ड."

प्रत्येक शीटचं एक कार्ड असतं. छापून झाल्यावर कोणी चूक दाखवली तर ती कार्डावर लिहायची, तारीख घालायची, सही करायची, आणि पुढची आवृत्ती निघेल तेव्हा सगळ्या दुरुस्त्या एकदम करायच्या. पुढची आवृत्ती. शहरांच्या शीटा दहा वर्षांनी निघतात. जिथे माणसापेक्षा सरडे जास्त, तिथल्या शीटची पुढची आवृत्ती कोणाच्या हयातीत निघेल हे सांगता येत नाही. डीलॉयने खण ओढला. कार्ड काढायला त्याला शोधावं लागलं नाही, आणि ते तिच्या लक्षात आलं. एक नव्हतं, चार होती, दोऱ्याने बांधलेली.

पहिल्या कार्डावर थेनचं अक्षर होतं. तरुण, उभं, जोरात दाबून काढलेलं. ऑक्टोबर १९५६. मेल्या घोडीखालच्या घळीतला झरा, डावा कडा: इथे पाणी नाही. दोन फोटो एकावर एक राहिले आणि टाचणी दोन्हींतून गेली. झरा वरच्या फोटोवर, दोन मैल उत्तरेला, त्याच्या पाठीवर लिहिलेलं आहे. खालच्या फोटोतलं भोक माझ्या हातून पडलं. चूक माझी. पुढच्या आवृत्तीत झरा काढून टाकावा. तोपर्यंत तिथे पाणी ठेवीन. थेन हेकॉक.

खाली तारखा होत्या. एप्रिल ५७, तीन कॅन ठेवले. ऑक्टोबर ५७, दोन बदलले, एक भरलेला होता. एप्रिल ५८. ऑक्टोबर. एप्रिल. ती बोट खाली नेत गेली. १९६१च्या ऑक्टोबरशी तिचं बोट थांबलं. त्या वर्षी त्याला डेन्व्हरची बढती आली होती. मोठं पद, मोठं घर, ती पडदे कुठल्या रंगाचे घ्यायचे इथवर पोचली होती, आणि तो नाही म्हणाला. कारण विचारलं तर म्हणे, लॅमारपासून लांब पडेल. ती महिनाभर त्याच्याशी बोलली नव्हती. पुढे कित्येक वर्षं, कुठलाही वाद निघाला की शेवटी ती डेन्व्हरवर यायची. तुला महत्त्वाकांक्षाच नाही. तुझ्यात धमकच नाही. आपल्याला मूल झालं नाही ते एक, निदान डेन्व्हर तरी. इथवर बोलली होती ती. आणि तो गप्प बसून बूट पुसायचा. शेवटच्या कार्डावर अक्षर डगमगत होतं. ऑक्टोबर ८३. तीन कॅन ठेवले. रेषेच्या खाली कोरी जागा. नोव्हेंबरात तो गेला.

"त्याने हे कधीपासून..." तिने कार्डांवरून मान वर केली. "तुला माहीत होतं."

"मला, स्प्रॅगसाहेबांना, आणि छपाईतल्या हायरमला." डीलॉय चष्मा काढून शर्टाला पुसायला लागला. "आम्ही त्याला म्हटलं, वेड्या, एवढ्या लांब पाणी वाहून नेतोस कशाला, आपण गोदामातल्या प्रतींवरचा झरा खरवडून टाकू. आठवड्याचं काम. तर म्हणाला, ती त्याच खोलीत बसते. विला बघेल."

खोलीत यंत्राचा हलका गुणगुणाट होता. अर्विलाला पहिल्यांदा जे वाटलं ते प्रेम नव्हतं, लाज होती, आणि लाजेच्या मागून संताप. पंचवीस वर्षं ती ताठ मानेने या इमारतीतून हिंडली, एकही चूक नसलेली बाई, आणि या सगळ्यांना माहीत होतं. मुलींना फोटो उलटा करून दाखवताना, पाठीवर नसेल ते काढायचं नाही, असं ती म्हणत होती तेव्हा डीलॉय पलीकडे अक्षरं चिकटवत होता आणि त्याला माहीत होतं. निरोपाच्या भाषणात साहेबांना माहीत होतं. "तुम्ही सगळे मला हसत असाल," ती म्हणाली.

"हसत?" डीलॉय खरोखरच गोंधळला. "विला, त्यानंतर मी माझ्या बायकोशी नीट वागायला लागलो. विचार तिला."

ती रडली नाही, पण नाक मात्र वाहायला लागलं आणि डीलॉयने शीटा पुसायचं फडकं पुढे केलं, त्याला डिंकाचा वास होता. मग तिने पर्समधून पेन काढलं. "मिसेस हेकॉक," तो एकदम कचेरीतला झाला, "त्या कार्डावर लिहिलेलं खोडता येत नाही हं. तुझ्या नावावर राहील कायमचं."

"म्हणूनच लिहितेय. त्याने अर्धंच लिहिलंय." आणि थेनच्या शेवटच्या रेषेखाली तिने लिहिलं, तिच्या त्या प्रसिद्ध अक्षरात: फोटोच्या पाठीवर काही लिहिलेलं नव्हतं. नियम माहीत असून न विचारता झरा काढला. टाचणी त्याची, वर्तुळ माझं. अर्विला हेकॉक, एप्रिल १९८४. लिहून झाल्यावर तिने दोन्ही नावं पाहिली, वर एक, खाली एक, आणि तिला वाटलं की चर्चच्या मंदिरातल्या वहीत लग्नाच्या दिवशी सह्या केल्या त्याहून ही जागा जास्त जवळची आहे. असं वाटणं बरोबर नसेल, पण वाटलं खरं.

"प्रती किती आहेत?" तिने विचारलं.

"चारशेच्या वर. आणि विकल्या गेलेल्या देव जाणे किती. दुकानांना मी पत्रं पाठवतो. पण लोकांच्या खिशातल्या कशा आणणार?"

संध्याकाळी घरी जाऊन तिने रिचफील्डला फोन लावला आणि शॉना ओल्ड्रॉइडला सगळं सांगितलं. थेन गेल्याचं, आणि झरा कोणी काढला तेही. पलीकडे रिसीव्हर एका हातातून दुसऱ्या हातात गेला. मग एक जाड, दमेकरी पुरुषी आवाज आला. "बाई, मी बाप बोलतोय. तुमच्या चुकीने मरत होतो आणि तुमच्या नवऱ्याने वाचवलं, म्हणजे घरातल्या घरातच मिटलं की." आणि तो आपल्याच विनोदावर खोकेपर्यंत हसला. मागून मुलगी ओरडली, "बाबा, असं काय बोलता!" मग फोन पुन्हा तिच्याकडे आला. "शाळेला सुट्टी लागली की मी दोन कॅन ठेवून येईन. दरवर्षी जमेल असं नाही सांगत. यंदा जाईन." अर्विला म्हणाली, "जाशील तेव्हा एकटी जाऊ नकोस." एवढंच तिला सुचलं.

दुसऱ्या दिवसापासून ती कचेरीत जायला लागली. डीलॉयने तिला खिडकीपाशी एक टेबल दिलं, एक पातळ पातं आणि कागद घोटायचा गुळगुळीत दगड. पातं आडवं धरायचं, श्वास रोखायचा, आणि निळी शाई कागदाच्या कातडीवरून उचलायची, कागदाला जखम न करता. झरा गेला की त्याच्याखालून जाणारी तपकिरी रेषा तुटायची, ती बारीक लेखणीने जोडून द्यायची, मग दगडाने घोटायचं. पहिल्या दिवशी तिच्या हातून अकरा झाल्या. दुपारी ती डब्यातली भाकरी खात शीट समोर ठेवून बसायची आणि बोटांनी अंतर मोजायची. जिथे गाडी ठेवायची त्या मातीच्या रस्त्यापासून त्या कड्यापर्यंत तिची चार बोटं. चार बोटं म्हणजे सात मैल, खाली वाळू, वर ऊन, पाठीवर तीन कॅन, एकेका कॅनचं वजन एका तान्ह्या मुलाएवढं. तिने त्या रेषा काढताना त्यांच्यावरून कधी कोणी चालेल असा विचार केला नव्हता, हे तिने आता स्वतःशी कबूल केलं. तिला रेषा दिसायच्या. आता त्यांच्यावरून तिचं नाव सांभाळत चालणारा थेन दिसायला लागला, चाळिशीतला, पन्नाशीतला, आणि गेल्या ऑक्टोबरात सदुसष्ट वर्षांचा, छातीत दुखत असलेला. घरी आला तेव्हा तिने त्याला विचारलं होतं, इतका काळवंडलास कसा रे? तर म्हणाला, लॅमारचं कुंपण.

"सांगायचं तरी, मेल्या," ती पातं चालवता चालवता म्हणायची. "एक कॅन मी उचलला असता. उलट्या करत उचलला असता."

पलीकडच्या टेबलावरच्या नव्या मुली एकमेकींकडे बघायच्या. डीलॉयने त्यांना काहीतरी सांगितलं असावं, कारण तिसऱ्या आठवड्यात त्यांतली एक आपलं दुपारचं सँडविच घेऊन तिच्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "मिसेस हेकॉक, मला शिकवाल? रेषा जोडल्यावर माझी दिसते. तुमची दिसत नाही." अर्विलाने तिला पातं धरायला शिकवलं. शिकवताना ती म्हणाली, "आणि हे माझ्या चुकीमुळे करायला लागतंय, हे लक्षात ठेव." मुलीने मान डोलावली आणि पातं जास्तच आडवं धरलं.

मे महिन्याच्या शेवटी गठ्ठ्यात एकच शीट उरली. डीलॉय खालून वर आला, दोन्ही हात खिशात, आणि टेबलाच्या कोपऱ्याशी घुटमळत उभा राहिला. सांगायचं असलं की तो तीस वर्षांपूर्वीही असाच उभा राहायचा. "ही राहू दे, विला," तो म्हणाला. "ही आपण हिशोबात धरलीच नाही असं समज. घरी ने. भिंतीवर लाव. तुमच्या दोघांचीच तर आहे ती."

तिला न्यावीशी वाटली. इतकी वाटली की तिने शीटची कडा धरलीसुद्धा. जेवणाच्या खोलीत, त्याच्या खुर्चीच्या मागे, काचेखाली. त्याने सत्तावीस वर्षं जे खरं करून ठेवलं होतं, ते एका कागदावर तरी खरं राहावं, यात कोणाचं काय जाणार होतं? वर्तुळ अजून तसंच होतं, गोल, स्वच्छ, जगात पाणी असल्यासारखं.

"नको," ती म्हणाली. "मी मेल्यावर कोणीतरी येईल घर आवरायला. चांगली शीट आहे म्हणून भिंतीवरून काढेल, घडी घालेल, आणि खिशात घालून तिकडे जाईल."

तिने शीट उजेडात सरळ केली, डाव्या हाताच्या दोन बोटांनी कागद ताणून धरला, आणि पातं उचललं.